रात्रपाळीचा पगार : मॅरेथॉनच्या देणग्या आणि अखेरच्या दिवसांची शुश्रूषा

मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाच्या शुश्रूषेत सर्वांत महाग काय असतं, असं विचारलं तर बहुतेक जण औषधं म्हणतात. तसं नाही. कॅन्सरच्या असह्य वेदना आटोक्यात आणणारी, तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी काही रुपयांत मिळते. स्कॅन, केमो, व्हेंटिलेटर यांची गरज या टप्प्यावर बहुधा संपलेली असते. खर्च होतो तो माणसांवर. दर दोन तासांनी कूस बदलून देणारी आया, पाठीच्या जखमांचं ड्रेसिंग करणारी नर्स, रात्री दोन वाजता दम लागल्याचा फोन आला की काय करायचं ते सांगणारा डॉक्टर, घरच्यांना समोर बसवून खरं काय ते बोलणारा समुपदेशक. या सगळ्यांचे पगार दर महिन्याच्या एक तारखेला द्यावे लागतात, आणि ज्याच्यासाठी ते द्यायचे तो रुग्ण बरा होऊन पेढे घेऊन परत येणार नसतो.

अशा कामासाठी मॅरेथॉन धावून पैसे उभे करण्याची रीत ब्रिटनमध्ये गेल्या चाळीस वर्षांत पक्की रुजली. मुंबईत ती वीस वर्षांपूर्वी आली. ४२.१९५ किलोमीटर धावायची तयारी करायची, त्या चार-सहा महिन्यांत ओळखीच्या प्रत्येकाकडे पैसे मागायचे आणि जमलेली रक्कम एखाद्या हॉस्पिसला, म्हणजे मरणाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला, किंवा रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेच्या, विभागाला द्यायची, अशी ही रीत. ती कुठून आली, तिच्यातला पैसा कसा फिरतो, कुठे अडतो आणि आपल्याकडे तिचं काय झालं, हे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. हा पैसा फार मोलाचा आहे, पण आपण तो भलत्याच गोष्टींसाठी मागतो. खाट, रुग्णवाहिका, यंत्र, नवी इमारत यांसाठी मागतो. रात्रपाळीच्या नर्सच्या पगारासाठी मागत नाही.

सुरुवात लंडनपासून करायला हवी, कारण आधुनिक हॉस्पिस तिथे जन्मलं आणि तेही देणगीतून. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर. १९४८ साली डेव्हिड तस्मा नावाचा, पोलंडहून परागंदा होऊन आलेला एक ज्यू रुग्ण कॅन्सरने वारला. शेवटच्या आठवड्यांत सॉन्डर्स त्याच्याजवळ बसून बोलत असत. अशा माणसांसाठी एक वेगळं घर असावं, हे स्वप्न त्या बोलण्यातून आकाराला आलं आणि जाताना त्याने त्यासाठी ५०० पौंड ठेवले. त्या पैशाला इतरांच्या पैशाची सोबत मिळत मिळत १९६७ साली दक्षिण लंडनमधल्या सिडनहॅम भागात सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं राहिलं. मधली एकोणीस वर्षं अभ्यासात आणि पैसे मागण्यात गेली. वेदना नुसती शरीराची नसते, तिच्यात भीती, एकटेपण, घरच्यांची काळजी, पैशाची चिंता आणि देवाशी चाललेलं भांडण हे सगळं मिसळलेलं असतं, हा सॉन्डर्स यांचा विचार आज जगभरच्या पॅलिएटिव्ह केअरचा पाया आहे. वेदना उसळायची वाट न पाहता ठरलेल्या वेळी मॉर्फिन द्यायचं, ही शिस्तही त्यांनी घालून दिली. हा विचार आणि ही शिस्त दोन्ही माणसांच्या हातून चालतात. रुग्णाजवळ बसायला कुणी नसेल तर त्याची भीती कळणार कशी?

ज्या वर्षी तस्मा वारला त्याच वर्षी, जुलै १९४८मध्ये, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली. सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या देशात मरणाऱ्यांची शुश्रूषा मात्र मुख्यतः धर्मादाय संस्थांच्या पदरात राहिली, आणि आजही आहे. ब्रिटनमध्ये दोनशेहून अधिक हॉस्पिसेस वर्षाला सुमारे तीन लाख लोकांना सेवा देतात. प्रौढांच्या हॉस्पिसना खर्चाचा साधारण एक तृतीयांश भाग सरकारकडून मिळतो, मुलांच्या हॉस्पिसना त्याहून कमी. बाकीचा पैसा येतो जुन्या कपड्यांच्या दुकानांतून, लॉटरीतून, मृत्युपत्रांतून आणि धावणाऱ्या माणसांकडून. २०२२च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ही सेवा उपलब्ध करून देणं स्थानिक आरोग्य मंडळांचं कर्तव्य ठरवलं, पण त्या कर्तव्यामागे पुरेसा पैसा आला नाही. डिसेंबर २०२४मध्ये सरकारने इंग्लंडमधल्या हॉस्पिसना १० कोटी पौंड जाहीर केले, ते इमारती आणि साधनसामग्रीसाठी. चार महिन्यांनी, एप्रिल २०२५पासून, कर्मचाऱ्यांमागे मालकाने भरायचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता वाढला आणि हॉस्पिसचा पगारावरचा खर्च आणखी चढला. एका हाताने विटांना पैसे दिले, दुसऱ्या हाताने माणसं महाग केली. या प्रश्नाचं दुखणं या दोन निर्णयांत नेमकं दिसतं.

धावण्याची गोष्ट १९८१मध्ये सुरू होते. ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली या, स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिक पदकं मिळवलेल्या दोन मित्रांनी २९ मार्च १९८१ रोजी पहिली लंडन मॅरेथॉन घेतली. तिला देणग्यांच्या शर्यतीचं रूप आलं ते मुख्यतः १९९३च्या गोल्डन बाँड योजनेमुळे. तिची रचना साधी आहे. धर्मादाय संस्था शर्यतीतल्या काही जागा आयोजकांकडून विकत घेते. सोडतीत नंबर न लागलेला धावपटू त्या संस्थेकडे जागा मागतो आणि बदल्यात ठरावीक रक्कम, बहुधा २,००० पौंडांच्या आसपास, जमवून देण्याची हमी देतो. जागा दुर्मीळ असते म्हणून हमी द्यायला माणसं तयार होतात. २०२६च्या शर्यतीसाठी ११ लाखांहून अधिक अर्ज आले आणि धावायला मिळणार होतं त्यांतल्या थोड्यांनाच, यावरून त्या जागेची किंमत कळते. २०१९च्या एका दिवसात ६ कोटी ६४ लाख पौंड जमले, २०२५मध्ये ८ कोटी ७३ लाख. त्यात गिफ्ट एड ही सरकारी सवलत मोलाची आहे. करदात्याने एक पौंड दिला की सरकार त्यावर पंचवीस पेन्स संस्थेला देतं. सवलत संस्थेला मिळते, हे ध्यानात ठेवावं. आपल्याकडची तऱ्हा वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

या व्यवस्थेतली उणीवही तिथल्या लोकांना ठाऊक आहे. मोठ्या, नावाजलेल्या संस्था अधिक जागा घेऊ शकतात, अधिक धावपटू सांभाळू शकतात. एखाद्या परगण्यातल्या वीस खाटांच्या हॉस्पिसच्या वाट्याला मोजक्या जागा येतात. शिवाय दोन हजार पौंड जमवायचे तर ओळखीपाळखीत पैसेवाले हवेत. म्हणून छोटी हॉस्पिसेस आपापल्या गावात दहा किलोमीटरची धाव किंवा रात्री चालण्याचे कार्यक्रम घेतात. ज्यांच्या घरचं माणूस त्या हॉस्पिसमध्ये गेलं अशी कुटुंबंच्या कुटुंबं त्यांत उतरतात. रक्कम लहान असते, पण ती दर वर्षी त्याच माणसांकडून येते.

मुळात कुणी धावतं म्हणून आपण पैसे का द्यावेत? धावण्याने रुग्णाला काहीच मिळत नाही. तेवढा वेळ धावपटूने नोकरी करून पगार दिला तरी चाललं असतं. या प्रश्नावर क्रिस्तोफर ओलिव्होला आणि एल्डार शफीर या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेलं काम वाचण्यासारखं आहे. त्यांच्या प्रयोगांत असं दिसलं की देणगी गोळा करण्यात कष्ट आणि वेदना असतील तर माणसं अधिक द्यायला तयार होतात. त्याच कामासाठी मजेची सहल ठेवली तर कमी देतात. विशेष म्हणजे ते काम माणसांच्या यातनांशी निगडित असेल तेव्हा हा परिणाम ठळक दिसतो. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. घरचं कुणी आजारी असताना मंगळवारी पहाटे उपनगरातून अनवाणी सिद्धिविनायकापर्यंत चालत जाणारी माणसं आपण पाहिली आहेत. दुसऱ्याच्या दुःखात आपल्या शरीराने काहीतरी भरावं, ही ओढ खरी आहे. ज्याला आपण बरं करू शकत नाही त्याच्यासाठी तर ती अधिकच तीव्र असते. वडील गेल्यावर जो मुलगा पहाटे उठून सरावाचे बत्तीस किलोमीटर धावतो त्याला पदकाची हाव नसते. त्याला त्या महिन्यांत करण्यासारखं काहीतरी हवं असतं.

पण या ओढीतून आलेला पैसा बहुतेक वेळा शुश्रूषेकडे जात नाही, संशोधनाकडे जातो. १९८० साली टेरी फॉक्स हा कॅनडातला तरुण कृत्रिम पायावर रोज जवळजवळ एक मॅरेथॉन धावला, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर. कॅन्सर फुप्फुसात पसरला तेव्हा थांबला आणि पुढच्या वर्षी वारला. त्याच्या नावाची धाव आज देशोदेशी होते आणि पैसा कॅन्सर संशोधनाला जातो. १९८८ साली न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये रक्ताच्या कॅन्सरसाठी धावणाऱ्या अमेरिकन चमूने संघटित देणगी-धावण्याचा पायंडा पाडला, तोही उपचार शोधण्यासाठी. हे काम थोर आहे, त्याबद्दल शंका नाही. मात्र ‘उद्या हा आजार राहणार नाही’ असं म्हणून पैसे मागणं सोपं जातं. ‘हा माणूस जाणारच आहे, त्याचे शेवटचे चाळीस दिवस नीट जावेत’ असं म्हणून मागणं अवघड. पहिल्या मागणीत आशा आहे. दुसरीत देणाऱ्याला मरणाकडे पाहावं लागतं, आणि आपल्यातले बहुतेक जण तिथून नजर काढून घेतात.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरातली दोन उदाहरणं या अवघड मागणीची आहेत. जेन टॉमलिन्सन यांना २००० साली सांगण्यात आलं की स्तनाचा कॅन्सर शरीरभर पसरला आहे, सहा महिने हाताशी आहेत. त्या सात वर्षं जगल्या. २००२ साली लंडन मॅरेथॉन धावल्या, पुढे आयर्नमॅन ट्रायथलॉन पूर्ण केली, अमेरिका सायकलवरून ओलांडली आणि साडेसतरा लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवली. सप्टेंबर २००७मध्ये त्या लीड्सच्याच सेंट जेमाज हॉस्पिसमध्ये वारल्या. त्याच वर्षी त्यांच्या प्रेरणेने सुरू झालेली लीड्सची दहा किलोमीटरची धाव पुढेही चालू राहिली. इथे धावणारी व्यक्ती आणि मरणारी व्यक्ती एकच होती, त्यामुळे देणाऱ्यांना नजर काढून घ्यायला जागाच उरली नाही.

दुसरं उदाहरण रग्बी लीग खेळाडू रॉब बरो यांचं. डिसेंबर २०१९मध्ये त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज झाल्याचं निदान झालं. या आजारात स्नायू एकेक करून थांबतात, शेवटी गिळणं आणि श्वासही. बरं करणारा उपाय नाही. त्यांचे जुने कप्तान केव्हिन सिनफिल्ड त्यांच्यासाठी एकामागून एक लांब पल्ले धावले. मे २०२३मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्यांनी बरो यांना चाकाच्या खुर्चीत बसवून ४२ किलोमीटर ढकलत नेलं, रेषेच्या अलीकडे थांबून त्यांना उचललं आणि हातांवर घेऊन रेषा ओलांडली. त्या शर्यतीच्या देणग्यांचा एक मोठा हेतू होता लीड्सच्या सीक्रॉफ्ट रुग्णालयात या आजाराच्या रुग्णांसाठी केंद्र बांधण्याचा, ज्यासाठी ६८ लाख पौंड लागणार होते. बरो २ जून २०२४ रोजी वारले. दुसऱ्या दिवशी, कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे, केंद्राच्या बांधकामाला सुरुवात झाली. हे केंद्र मी इमारतींबद्दल जे म्हणतो त्याला अपवाद आहे, कारण रुग्णालयाच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात या रुग्णांना आपला आजार ज्या तऱ्हेने कळतो ती तऱ्हा बदलण्यासाठी वेगळी जागाच हवी होती. मात्र त्या जागेत बसणारी माणसंही दर महिन्याला लागणार आहेत.

मेरी क्युरी या संस्थेची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. १९४८ सालीच सुरू झालेल्या या संस्थेच्या नर्सेस मरणासन्न रुग्णाच्या घरी जाऊन रात्रभर थांबतात, म्हणजे घरच्यांना एक रात्र झोपता येतं. याच संस्थेची २०२६च्या लंडन मॅरेथॉनची अधिकृत संस्था म्हणून निवड झाली. तिथे देणगीदाराला सांगितलं जातं की तुमच्या पैशाने नर्सचे तास मिळतात. तास! खाट नाही, यंत्र नाही. ही मागण्याची पद्धत आपण उचलावी असं मला मनापासून वाटतं.

पैसा येऊनही काम बिघडू शकतं, याचाही धडा ब्रिटननेच दिला आहे. हॉस्पिसमधली चांगली पद्धत साध्या रुग्णालयांत नेण्यासाठी नव्वदच्या दशकात ‘लिव्हरपूल केअर पाथवे’ नावाची कार्यपद्धती तयार झाली. हेतू उत्तम होता. पुढे ती किती रुग्णांना लावली यावर रुग्णालयांना पैसे मिळू लागले. प्रशिक्षण कमी पडलं, घरच्यांशी न बोलता कागदावर खुणा करून रुग्ण त्या वाटेला लावल्याच्या, पाण्यावाचून ठेवल्याच्या तक्रारी आल्या. २०१३च्या चौकशी अहवालानंतर २०१४मध्ये ही पद्धत मोडीत निघाली. मोजता येईल त्यालाच पैसा बांधला की न मोजता येणारं आधी सुटतं, आणि या कामात जे महत्त्वाचं ते बहुतेक न मोजता येणारं आहे. मॅरेथॉनचे देणगीदार ‘किती रुग्णांना लाभ झाला’ असा आकडा मागतात तेव्हा मला हा इतिहास आठवतो. आकडा द्यावा, पण एका रुग्णाजवळ नर्स किती वेळ थांबू शकली हेही सांगावं.

आता आपल्याकडे. भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत आहे. टाटा मेमोरिअल रुग्णालयातले कॅन्सर शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला, माउंट मेरीच्या परिसरात, शांती आवेदना सदन सुरू केलं. पुढे गोव्यात लोटलीला आणि दिल्लीला त्याच्या शाखा झाल्या. रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत, सगळं देणगीवर चालतं. १९९७पासून पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, तेही विनामूल्य. टाटा मेमोरिअलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा विभाग नव्वदच्या दशकापासून काम करतो आणि त्याची माणसं रुग्णांच्या घरीही जातात. परळच्या त्या रुग्णालयात देशभरातून येणारे गरीब रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. त्या धर्मशाळेच्या जिन्यावर घटकाभर बसलं तरी या आजाराने घर कसं धुऊन निघतं ते कळतं.

एवढी नावं घेतली म्हणजे भरपूर झालं असं वाटेल. नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि मिळते ती १४ टक्क्यांना. भारतासाठी नेहमी सांगितला जाणारा अंदाज चार टक्क्यांच्या आत आहे. बाकीच्यांचं काय होतं ते आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात घडलेलं असतं. डॉक्टर म्हणतात, ‘आता घरी न्या’. डिस्चार्जचा कागद हातात पडतो. त्या क्षणापासून ते घर एकटं असतं. नाकातली नळी निघाली तर कुणाला बोलवायचं, रात्री रुग्ण ओरडू लागला तर काय द्यायचं, अंथरुणातल्या जखमेला वास यायला लागला तर काय करायचं, हे सांगणारं कुणी नसतं. सून किंवा मुलगी नोकरी सोडते. कुणी परत आयसीयूत नेतं, आणि उरलेली जमीन किंवा दागिने तिथे संपतात.

ही सेवा न मिळण्याला पैशाखेरीज दुसरंही कारण होतं. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीला भिऊन रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणं बंद केलं आणि देशातला त्याचा वैद्यकीय वापर कोसळला. जे औषध बनवायला लागणारी अफू आपल्याच शेतात पिकते ते आपल्याच रुग्णाला मिळेना. केरळमधले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. हे काम कुठल्याही शर्यतीच्या पैशाने झालं नसतं.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि पुढे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी शहर रस्त्यावर उतरू लागलं. महाराष्ट्राला शर्यत नवी नव्हती. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३पासूनची. पण देणगीची संघटित व्यवस्था मुंबईने आणली. युनायटेड वे मुंबई ही संस्था ती सांभाळते. सामाजिक संस्था तिथे नोंदणी करतात, हौशी धावपटू एक संस्था निवडून पैसे जमवतो, कंपन्या ‘ड्रीम रन’ या छोट्या, हौशी धावेत आपले चमू उतरवतात. २०२४च्या शर्यतीतून सुमारे ७२ कोटी रुपये उभे राहिल्याचं जाहीर झालं. शिक्षण, मुलं, अपंगत्व, प्राणी, पर्यावरण, असंख्य कामांत ती रक्कम वाटली जाते. लहान मुलाच्या शाळेचं चित्र दाखवणाऱ्या संस्थेपुढे मरणाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेची मागणी कशी फिकी पडते, याची कल्पना कुणालाही करता येईल. कंपन्यांचंही तसंच. सामाजिक दायित्वाच्या निधीतून त्यांना फीत कापता येईल, नाव लावता येईल असं काहीतरी हवं असतं. नर्सच्या पगारपत्रकावर कुणाचं नाव लागत नाही.

करसवलतीचा मुद्दा आता बदलला आहे आणि धावणाऱ्यांनी तो समजून घ्यायला हवा. आपल्याकडे देणगीवरची सवलत, जी ‘८०जी’ म्हणून ओळखली जाते, ती देणाऱ्याच्या करात मिळते, संस्थेला त्यातून काही मिळत नाही. आणि नव्या करप्रणालीत, जी आता आपोआप लागू होते, ती सवलतही नाही. म्हणजे पगारदार मित्राला ‘पावती मिळेल, कर वाचेल’ असं सांगून पैसे मागण्याचे दिवस मागे पडत चालले आहेत. आता कामासाठीच मागावं लागेल. मला यात संधीही दिसते, कारण कर वाचवण्यासाठी मार्चमध्ये दिलेला पैसा पुढच्या वर्षी येईलच असं कधीच नव्हतं.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. लंडन किंवा न्यूयॉर्कला धावून आपल्या गावाकडच्या संस्थेला पैसे पाठवावेत असं अनेकांना वाटतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची मात्र धरली जाते, ओसीआय कार्ड असलं तरीही. ती घ्यायला संस्थेकडे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. परदेशी मित्रांकडून जमवलेल्या पैशालाही हाच नियम. छोट्या संस्थांकडे ही नोंदणी बहुधा नसते. धावायच्या आधी हे विचारून घ्यावं, नाहीतर जमलेला पैसा पोचवता येत नाही आणि संस्था अडचणीत येते.

केरळने याच प्रश्नाला शर्यतीवाचून उत्तर शोधलं. १९९३ साली कोळिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी वेदनाशमनाचं केंद्र सुरू केलं. त्यातून पुढे गावोगावी शेजाऱ्यांची जाळी उभी राहिली. शिकलेले स्वयंसेवक आठवड्यातून काही तास आपल्याच वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्यांकडे जातात, आणि दुकानदार, रिक्षावाले, शाळेतली मुलं थोडे थोडे पैसे नियमाने देतात. २००८ साली राज्य सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं आणि पंचायतींनी नर्सेस नेमल्या. आधी लोकांचा पैसा आला, मग सरकारचा. आपल्याकडे केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२पासून आहे, पण लोकांचा रेटा मागे नसेल तर असा कार्यक्रम कागदावर किती सुखाने राहू शकतो ते आपण जाणतो.

मग मॅरेथॉन कशाला, असा प्रश्न येतो. मला ती हवी आहे, कारण ती एका गोष्टीत केरळच्या पद्धतीपेक्षा वरचढ आहे: ती बोलायला लावते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादी बाई लिहिते की सासूबाई शेवटचे तीन आठवडे वेदनेशिवाय राहिल्या, कारण एका संस्थेची नर्स घरी येत होती, आणि मी त्या संस्थेसाठी धावते आहे. त्या निरोपाखाली पैसे येतात तसे प्रश्नही येतात. ही नर्स कोण? किती पैसे घेते? आमच्या वडिलांकडे येईल का? आपल्या घरांत ‘सगळं ठीक होईल’ याखेरीज काही बोलायची सोय नसते, आजाराचं नाव रुग्णापासून लपवलं जातं, तिथे हे विचारलं जाणं फार मोठं आहे. कित्येक कुटुंबांना ही सेवा अस्तित्वात आहे हेच अशा निरोपातून पहिल्यांदा कळतं. मात्र रुग्णाचा फोटो टाकू नये, त्याने स्वतः शुद्धीत असताना हो म्हटलं असेल तरच टाकावा. हाडकुळ्या देहाचं चित्र दाखवून पैसे लवकर येतात, हे खरं आहे. पण माणसाच्या शेवटच्या दिवसांची अब्रू राखण्यासाठीच हा पैसा मागतो आहोत.

मागायचं कसं, याचा एक हिशेब मांडतो. समजा घरोघरी जाणाऱ्या एका नर्सला संस्था महिन्याला ३०,००० रुपये देते. वर्षाचे झाले ३,६०,०००. एका धावपटूने जानेवारीत एवढी रक्कम जमवली तर एक नर्स वर्षभर राहील आणि पुढच्या जानेवारीपर्यंत संस्थेच्या विश्वस्तांचा जीव टांगणीला लागेल. तीच नर्स १०० जणांनी महिन्याला ३०० रुपये दिले तरी राहते, आणि त्यातले चार-दोन गळाले तरी तिची नोकरी जात नाही. धावपटूकडे तयारीच्या महिन्यांत जमलेली शंभर नावांची यादी असतेच. शर्यतीनंतर ती यादी बहुधा कुणी उघडत नाही. पदकाच्या फोटोसोबत आभाराचा निरोप जातो आणि संपतं. तो निरोप पाठवायच्या दिवशीच महिन्याच्या तीनशे रुपयांची विनंती करायला हवी, कारण त्या दिवशी देणाऱ्याच्या मनात ते काम ताजं असतं.

संस्थांनाही बदलावं लागेल. धावपटूने विचारलं की ‘काय हवं’, तर बहुतेक संस्था संकोचाने एखाद्या वस्तूचं नाव सांगतात, कारण पगारासाठी मागणं त्यांना कमीपणाचं वाटतं आणि देणाऱ्यालाही ते पोकळ वाटेल अशी भीती असते. त्यांनी सरळ सांगावं की आमच्याकडे अमुक नर्सेस आहेत, त्यांतल्या इतक्यांचा पगार पुढच्या वर्षी कुठून येणार ते आम्हाला ठाऊक नाही. मुंबई मॅरेथॉनची नोंदणी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात सुरू होते. ज्याला या कामासाठी धावायचं आहे त्याने बूट घेण्याआधी संस्थेच्या कार्यालयात जाऊन हिशेबाचं पत्रक मागावं, त्यातला पगाराचा रकाना पाहावा आणि आपल्या देणगीच्या आवाहनात तोच आकडा पहिल्या ओळीत लिहावा.